खिडकी कुणाच्या उंचीची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘इंटिरिअर’ हा शब्द आता सोलापुरात चांगलाच रुळला आहे. पूर्वी लोक म्हणायचे, ‘फर्निचर करायचंय.’ आता म्हणतात, ‘इंटिरिअर करायचंय.’ गेली बावीस वर्षे माझे पोट याच कामावर चालते, तेव्हा या शब्दाबद्दल मी कुरकुर करणे बरे दिसणार नाही. पण एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. गिऱ्हाईक मोबाइलवर किंवा मासिकातले जे फोटो घेऊन येते, त्यात माणूसच नसतो. सोफा असतो, त्यावर कुणी बसलेले नसते. स्वयंपाकघर असते, पण ओट्यावर कढई नसते, भिंतीला तेलाचा डाग नसतो. छताला पीओपीचे फूल आणि त्यात लपवलेले दिवे. खाली पांढरीशुभ्र फरशी आणि तिच्यावर कुणाचेही पाऊल नाही.

अशा घरात राहायचे कुणी, हा प्रश्न मला पडतो. सोलापुरात तर तो जास्तच पडतो. कारण आपल्या शहरात, विशेषतः पूर्व भागात, घर हे नुसते राहायचे ठिकाण कधीच नव्हते. घरातच माग होता, घरातच विडी होती. सकाळी आठला कुणीतरी जमिनीवर बैठक मारायचे आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच काम करायचे. आजही हजारो घरांत हेच चालते. त्या बसलेल्या माणसाचा आणि वास्तुरचनेचा काय संबंध, यावर मी आज बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी पूर्व भागातल्या एका कुटुंबाच्या नव्या बंगल्याचे काम माझ्याकडे आले. यंत्रमागाचा व्यवसाय, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि एक म्हाताऱ्या आजी. घरातली सगळी त्यांना ‘अव्वा’ म्हणत. अव्वांनी आयुष्याची चाळीसेक वर्षे विड्या वळल्या होत्या. आता हात चालत नव्हते, पण बसण्याची सवय काही सुटली नव्हती. जुन्या घराच्या उंबऱ्याला पाठ टेकून त्या दिवसभर बसायच्या. नकाशा दाखवायला मी गेले, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आपापली खोली पाहून घेतली. अव्वांनी शेवटी विचारले, “माझी जागा कुठंय, पोरी?” मी त्यांची खोली दाखवली. पलंग, बाजूला न्हाणीघर, औषधांचे कपाट. त्या म्हणाल्या, “ही झोपायची. बसायची कुठली?”

मी त्यांना होत्या तशाच जमिनीवर बसू दिले आणि टेपने मोजले. जमिनीपासून त्यांचे डोळे सव्वादोन फुटांवर होते. नकाशातल्या प्रत्येक खिडकीचा खालचा काठ होता तीन फुटांवर. म्हणजे लाखो रुपये घालून बांधलेल्या घरात ही बाई जिथे कुठे बसेल, तिथून तिला समोर भिंतच दिसणार. रस्ता, शेजारीण, शाळेतून येणारा नातू, भाजीची गाडी, काही म्हणता काही दिसणार नाही. आम्ही समोरच्या खोलीतली एक खिडकी जमिनीपासून दहा इंचांवर आणली, आतून शहाबादीचा रुंद कट्टा केला, बाहेरून मजबूत गज लावले. थोरल्या मुलाला ते ‘जुन्या घरासारखं’ वाटले आणि पसंत पडले नाही. अव्वांनी मात्र गृहप्रवेशाच्या दिवशीच तिथे आपली चटई टाकली.

आता हे तीन फूट आले कुठून? आम्ही कॉलेजात शिकतो तेव्हा खिडकीचा काठ साधारण ९० सेंटिमीटरवर काढायचा, हे हाताला इतके बसते की पुढे कुणी विचारही करत नाही. खुर्चीवर बसणाऱ्या, टेबलाशी काम करणाऱ्या, उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ते माप ठीक आहे. खालून पोर पडायला नको, पलंग भिंतीला लावता यावा, ही कारणेही खरीच आहेत. पण जमिनीवर बसणारे माणूस त्या हिशेबात धरलेलेच नाही. आणि सोलापुरात तर निम्मे काम जमिनीवर बसून होते.

आपली जुनी घरे पाहा. सोलापूर, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, लातूर, या सगळ्या पट्ट्यात माळवदाची घरे होती. खेड्यात अजूनही थोडीफार आहेत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि पाट, त्यावर पालापाचोळ्याचा थर आणि वर हातभर जाडीची पांढरी माती. घराचे मापच खणांत सांगत, ‘पाच खणांचं घर’, ‘सात खणांचं घर’. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. माळवदाला मध्येच एक भोक ठेवायचे. त्याला ‘सवणं’ म्हणतात. त्यातून चुलीचा धूर वर जायचा आणि उजेडाचा एक गोल तुकडा खाली यायचा. पाऊस आला की वरून फरशी सरकवायची. ज्यांचे बालपण अशा घरात गेले, त्यांना तो उजेडाचा तुकडा सकाळपासून दुपारपर्यंत भिंतीवरून कसा सरकायचा, हे आठवत असेल. कुणी कुणी त्यावरून वेळ सांगत.

मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. जाड मातीचे छप्पर ऊन आत यायलाच इतका वेळ लावते की तोवर संध्याकाळ होते. शिवाय वर तापलेली हवा सवण्यातून निघून जाते. हे काही पुस्तक वाचून केलेले नव्हते. राहता राहता सुधारत गेलेले होते. वाड्याच्या दाराशी ढाळज, म्हणजे आत-बाहेरच्या मधली जागा. आलागेला तिथे टेकतो, बाई तिथे धान्य निवडते, दुपारी म्हातारा तिथेच पडतो. भिंतीत दिवळ्या, कोनाडे. वेगळे कपाट लागत नसे. खाली शहाबादी फरशी, शेजारच्या गुलबर्ग्याकडून रेल्वेने येणारी, उन्हाळ्यात पायाला गार लागणारी.

विणकराचे घर याहून वेगळे. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे सोलापुरात आली, ती हातात विणकाम घेऊनच. खड्डा माग जमिनीत खणलेला असतो. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाने पावड्या दाबतो. खड्ड्यातल्या ओलाव्याने सूत कोरडे पडत नाही, कमी तुटते. म्हणजे जमीन हीच त्याची खुर्ची. अशा काही जुन्या घरांतून मी फिरले आहे. माग असलेल्या खोलीची खिडकी बघा, ती खाली असते, कारण उजेड सुतावर पडायला हवा, छतावर नव्हे. पुढे चादरीसाठी जेकार्ड आले. जेकार्डचा सांगाडा मागाच्या डोक्यावर बसतो, त्याला उंची लागते. मग खोली उंच झाली. मागाने छत वर नेले आणि बसणाऱ्याने खिडकी खाली आणली. बाकी उरलेल्या जागेत संसार. सोलापुरी चादर जगभर गेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ती चादर ज्या खोलीत विणली गेली, त्या खोलीची मात्र कुणी फारशी दखल घेतली नाही. सोलापूरच्या वास्तू म्हटल्या की आपण भुईकोट किल्ला सांगतो, सिद्धेश्वराचे तळ्यातले देऊळ सांगतो, महापालिकेचे इंद्रभुवन सांगतो. सांगावेच. पण मागाची खोलीही त्या यादीत हवी, असे माझे मत आहे.

मग ही शहाणी घरे गेली कुठे? एक तर यंत्रमाग आला आणि शेडमध्ये गेला. दुसरे कारण जास्त दुःखाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकते झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती अंगावर आल्या. त्या दिवसानंतर आपल्या भागात माळवद या शब्दाचीच लोकांना धास्ती बसली. ज्याला परवडले त्याने स्लॅब टाकला. ज्याला नाही परवडले, त्याने पत्रा टाकला. त्यांना कुणी दोष द्यावा? पण पाहणी करणाऱ्यांनी नोंदवलेली एक गोष्ट सांगायला हवी. बऱ्याच घरांत भिंती कोसळल्या, पण खणांचा लाकडी सांगाडा उभाच राहिला. चूक खणाची नव्हती. दगड नीट न बांधता नुसत्या मातीत रचलेल्या त्या जाड भिंतीची होती. तेवढी बारीक गोष्ट पाहायला त्या वेळी कुणाला सवड नव्हती.

आणि पुनर्वसन? पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसवली. घरे मजबूत झाली, यात शंका नाही. पण आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रेषेत रुंद रस्ते, प्लॉटच्या मधोमध घर. जुन्या गावात दोन पावलांवर असलेली चुलत जाऊ आता तिसऱ्या गल्लीत गेली. ढाळज नाही, अंगणाला आडोसा नाही. बायकांना दारात बसून काम करायची चोरी झाली, कारण सगळा रस्ता घरात बघतो. पुढे लोकांनी काय केले? पत्रे, दगड, काटक्या, जे मिळेल ते घेऊन घराभोवती भिंती उभ्या केल्या आणि आपले अंगण परत मिळवले. मला ते फार बोलके वाटते. बांधणाऱ्याने विचारले नाही, म्हणून राहणाऱ्याने स्वतःच उत्तर दिले.

आता विडीकडे येते. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. तेंदूची पाने कारखान्यातून घरी आणायची. ती भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करायची. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने एकसारखे तुकडे कापायचे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. एक पान उचलायचे, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. काही सेकंदांत एक विडी. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. कारखान्यात मोजणी होते आणि खराब निघालेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. त्या गेलेल्या विड्यांची मेहनत बाईच्या पदरातून जाते.

म्हणून उजेड हा तिच्यासाठी शोभेचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. कमी उजेडात पान फाटलेले दिसत नाही, वळण सैल पडते. दिवसा बल्ब लावावा तर बिल. मग ती कुठे बसते? उंबऱ्यात. पूर्व भागातल्या कुठल्याही जुन्या गल्लीतून सकाळी दहा वाजता जा, दारोदार बायका अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर बसलेल्या दिसतील. बाहेरच्या माणसाला वाटते, गप्पा मारायला बसल्यात. गप्पाही असतात, का नसाव्यात? पण खरे कारण असे की तीन फुटांवरची खिडकी तिच्या डोक्याच्या वर असते आणि त्या सबंध खोलीत तिच्या सुपापर्यंत उजेड पोचवणारे एकच भोक असते, ते म्हणजे दार. दारात तंबाखूचा वासही जरा उडून जातो. तान्हे मूल आतल्या बाजूला झोपलेले, त्याच्यावर एक डोळा. रस्त्यावर खेळणाऱ्या थोरल्यावर दुसरा.

आता ती दारात बसली की दार अडते. नवरा येता-जाता सूप उचलायला लावतो. पाऊस आला की तिला आत सरकावे लागते आणि त्या दिवशी काम कमी होते. आत सरकली की तंबाखूची धूळ खोलीत कोंडते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत पोरे झोपलेली. तंबाखूची ती धूळ लहान मुलांच्या छातीत जाते, हे काही डॉक्टरांनीच सांगायला हवे असे नाही. मी हे काम चांगले की वाईट, विडी ओढावी की नाही, या वादात आज शिरत नाही. हे काम या बायका घरात बसून करतात आणि घर त्या कामासाठी बांधलेले नसते, एवढेच मला दाखवायचे आहे.

या बायकांच्या घराचा प्रश्न सोलापूरने मोठ्या प्रमाणावर हातात घेतला, याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. विडी कामगारांच्या कल्याणासाठी केंद्राचा निधीचा कायदा १९७६ चा आहे. घरासाठी मदत मिळू शकते, हे कागदावर होते. ते कागदावरून जमिनीवर आणायला माणसे लागतात. आडम मास्तर, म्हणजे माजी आमदार नरसय्या आडम, आणि त्यांच्या संघटनेतल्या हजारो बायका यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, फेऱ्या मारल्या. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा अशी जुळणी झाली. शहराबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीच्या माळावर दहा हजार घरे उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती बायकांच्या स्वाधीन झाली. वसाहतीला नाव दिले गोदूताई परुळेकरांचे. वारली आदिवासींच्या लढ्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिणाऱ्या त्याच त्या गोदूताई. संस्था महिला विडी कामगारांची आणि सभासद बायका. राजकारणात कुणाचे काय मत असेल ते असो. पण पावसाळ्यात दुसऱ्याच्या झोपडीचे भाडे भरणाऱ्या बाईच्या नावावर दार, कुलूप आणि किल्ली आली, ही वास्तुशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर जावी अशी गोष्ट आहे.

दहा हजार घरे म्हटल्यावर ती सारखीच असणार. त्याशिवाय खर्च आवाक्यात येत नाही. पण घरे बैठी होती, जमिनीवर होती आणि प्रत्येकाच्या दारापुढे थोडी मोकळी जागा होती. त्या थोड्या जागेने कमाल केली. आज त्या वसाहतीतून फिरताना एका साच्यातून निघालेली दोन घरेही सारखी दिसत नाहीत. कुणी पुढे पत्र्याची पडवी काढली आणि बसायची जागा सावलीत आणली. कुणी ओटा बांधला. कुणी पुढची खोली वाढवून किराणा दुकान थाटले, कुणी शिलाई मशीन मांडले. रंग तर विचारू नका! पोपटी, गुलाबी, आकाशी. आमच्या धंद्यातली शहाणी माणसे या रंगांना नाक मुरडतात. मला ते आवडतात. दहा हजारांत आपले घर लांबून ओळखू यावे, ही इच्छा त्या रंगांत आहे.

हेच जाणून घर आखणारे वास्तुकारही झाले. बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे. त्यांच्या घरात फर्निचरचा व्यवसाय होता. २०१८ साली वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय, २०२३ मध्ये ते गेले. त्यांनी इंदूरजवळ ‘अरण्य’ नावाची वसाहत ऐंशीच्या दशकात आखली. आधी त्यांच्या लोकांनी इंदुरातल्या झोपडपट्ट्यांत फिरून पाहिले, की माणसे ओट्यावर काय करतात, झाडाखाली काय करतात, रस्त्याचा कोपरा कशाला वापरतात. मग गरिबातल्या गरिबासाठी त्यांनी पूर्ण घर दिलेच नाही. ३५ चौरस मीटरचा प्लॉट, पक्के जोते, संडास-मोरी आणि एखादी खोली, एवढेच दिले. बाकीचे ज्याने त्याने जमेल तसे, कमाई होईल तसे वाढवायचे. नमुन्यादाखल ऐंशी घरे बांधून दाखवली, म्हणजे लोकांना जिना कुठे घ्यायचा, सज्जा कसा काढायचा याची कल्पना यावी. १९९५ मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला.

तिकडे दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या इकिके गावी २००४ साली अलेहान्द्रो आरावेना यांनी ९३ कुटुंबांसाठी असेच केले. पैसे अर्ध्या घरापुरते होते. त्यांनी छोटे घर न बांधता मोठ्या घराचा अवघड अर्धा भाग बांधला आणि शेजारी अर्धी जागा मोकळी सोडली. दोन-तीन वर्षांत लोकांनी ती भरून काढली. कुंभारीच्या बायकांनी पडव्या काढल्या त्या इंदूर किंवा इकिकेचे ऐकून नव्हे. पण जी गोष्ट दोशींनी आणि आरावेनांनी मुद्दाम आखली, ती आपल्याकडे दारापुढच्या थोड्या जागेने आपोआप घडवली, असे मी म्हणेन.

पुढचा टप्पा अवघड आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला गेला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या, बांधकाम मजूर. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरांचे लोकार्पण त्यांच्याच हस्ते झाले. आकडा ऐकूनच छाती दडपते. पण ही घरे बैठी नाहीत. तळमजला आणि वर मजले अशा इमारती आहेत. एवढ्या लोकांना एवढ्या जागेत घर द्यायचे तर दुसरा मार्गही नव्हता, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण वरच्या मजल्यावर विडी वळणारी बाई बसणार कुठे? तिचा उंबरा आता रस्त्यावर उघडत नाही, जिन्याच्या बोळात उघडतो. पडवी काढायला जमीन नाही. पोर खाली खेळते, ते वरून दिसायला हवे. पानांचा भारा आणि तयार माल घेऊन जिना चढायचा-उतरायचा. तळमजल्यावरच्या चुका माणूस चार पत्रे ठोकून दुरुस्त करतो. वरच्या मजल्यावर त्याला तसे काही करता येत नाही, जे नकाशात असेल तेच आयुष्यभर. म्हणजे जसजसे वर जावे, तसतशी आमच्यासारख्यांची जबाबदारी वाढते. हे आमच्या क्षेत्रात फार कमी लोक मनावर घेतात. मोठ्या बंगल्याच्या छतावर आम्ही तीन-तीन बैठका घेतो आणि तीनशे चौरस फुटांच्या घराचा नकाशा एकदा काढून तीस हजार वेळा छापतो.

लॉरी बेकर केरळात कितीतरी वर्षे हेच सांगत आणि करत राहिले. २००७ साली ते गेले. त्यांची जाळीची विटांची भिंत सगळ्यांना माहीत असते. पण त्याआधी ते त्या कुटुंबाशी बोलत, जागेवर उभे राहून तिथेच कागदाच्या कपट्यावर आखत, हे कमी लोकांना माहीत असते. जाळी नक्कल करता येते, बोलणे नक्कल करता येत नाही. तिथे वेळच द्यावा लागतो.

मला विचारतात, की बाई, एवढ्याशा घरात तुम्ही काय इंटिरिअर करणार? तर अगदी साध्या गोष्टी सांगते. ज्यांचे घर बांधायचे चालले आहे किंवा ज्यांना फ्लॅट मिळाला आहे आणि घरात कुणी बसून काम करते, विडी असो, शिवण असो, पापड असोत, की पोरांचा जमिनीवर बसून अभ्यास असो, त्यांनी हे करून पाहावे.

पहिल्यांदा, कुणी कुठे बसायचे ते रिकाम्या खोलीत प्रत्यक्ष बसून ठरवा. चटई टाका, सकाळी दहाला बसा, दुपारी तीनला बसा. उजेड कुठून येतो, ते पाच मिनिटांत कळते. तिथली खिडकी खाली घ्या. जमिनीपासून फूटभर पुरे. बाहेरून गज लावायचेच, आणि ते उभे लावा, आडव्या गजांवर पोरे शिडीसारखी चढतात. वर, छताजवळ, समोरच्या भिंतीला एक झरोका ठेवा. खालून गार हवा आत, वरून गरम हवा आणि तंबाखूची धूळ बाहेर. सवण्याचे काम तो झरोका करेल. बांधलेल्या फ्लॅटमध्ये खिडकी खाली घेता येत नसेल, तर बसायची जागा वर घ्या. खिडकीजवळ दीड-दोन फूट उंचीचा, चांगला रुंद, मांडी घालून बसता येईल असा कट्टा करा. त्याच्या पोटात गोधड्या, भांडी, पोरांची दप्तरे जातात. एका दगडात दोन पक्षी. पण मग खिडकीला गज हवेतच, कारण आता मूल काठाच्या उंचीवर आले. फ्लॅटमध्ये भिंत फोडू नका, आरसीसीच्या भिंतीला तर हातच लावू नका.

स्लॅबखाली राहणाऱ्यांनी उन्हाळ्याआधी गच्चीवर चुन्याचे दोन हात द्यावेत. खर्च थोडा, फरक रात्री झोपताना कळतो. फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवता आले तर आणखी उत्तम. पीओपीच्या छताचे पैसे असतील, तर ते आधी गच्चीवर घाला. तंबाखू आणि भिजवलेली पाने ठेवायला झाकणाचा हौद किंवा पेटी दाराशी, पोरांच्या झोपण्याच्या जागेपासून लांब करा. आणि भिंतीत एक तरी दिवळी ठेवा. चष्मा, कात्री, साचा, गोळ्यांची पाकिटे ठेवायला बसल्या हाताला मिळेल अशी, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. मिस्त्री म्हणेल, ‘इतक्या खाली दिवळी कुठे असते का?’ त्याला जमिनीवर बसवा आणि हात लांब करायला सांगा.